डाव्या दारातला आवाज

खोली भाड्याने घ्यायला गेले तेव्हा काकांनी माझं गाव, लग्न, पगार यातलं काहीही विचारलं नाही. मला रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. पाढे म्हणा."

मी भूगोलाची शिक्षिका. बदली होऊन अलिबागजवळच्या या नागावात त्याच दिवशी उतरले होते. हातात बॅग, एसटीने कमरेचा निकाल लावलेला, आणि समोर सदऱ्याच्या खिशात फूटभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला एक म्हातारा मला पाढे म्हणायला सांगत होता. परत फिरले असते, पण गावातली बाकी प्रत्येक खोली पर्यटकांसाठी राखलेली होती. मी सतराचा पाढा सुरू केला. अडुसष्टला पोचले तेव्हा काका डोळे मिटून मान डोलवत होते.

"पुरे. खोली तुमची. तुमचा आवाज मधला आहे."

मला तो टोमणा वाटला. शाळेच्या प्रार्थनेत मुख्याध्यापक मला नुसते ओठ हलवायला सांगतात इतकी मी बेसूर आहे, त्यामुळे आवाजावरून कोणी काही बोललं की माझं डोकं लगेच तापतं. त्याचा खरा अर्थ दोन दिवसांनी काकूंनी सांगितला.

"ह्यांना वरच्या पट्टीतलं काही ऐकू येत नाही. कुकरची शिट्टी नाही, दारावरची बेल नाही, माझी हाक तर नाहीच नाही. तुमच्या आधी एक मुलगी राहायची, बारीक आवाजाची. दीड वर्ष राहिली. ह्यांना वाटायचं, मुकी आहे."

काकांनी तीस-बत्तीस वर्षं एका कारखान्याच्या कॉम्प्रेसर हाऊसमध्ये काढली होती. तिथे कानात घालायला कापसाचे बोळे मिळायचे. काका त्यांनी चष्मा पुसायचे. कारण कान बंद केले तर यंत्र काय म्हणतंय ते कळणार कसं? त्या लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून ते यंत्राचं दुखणं सांगत, आणि ते बरोबर निघे. यंत्रं बरी झाली, कान गेले. पण काकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. "डास मला नुसते चावतात हो, बोलत नाहीत," असं ते अभिमानाने सांगत. "तुम्हाला दोन्ही सोसावं लागतं."

निवृत्तीनंतरही स्क्रू-ड्रायव्हर खिशातून गेला नव्हता. माझ्या खोलीतल्या पंख्याला तो लागला, फ्रिजला लागला, वाडीतल्या पंपाला तर सकाळ-संध्याकाळ लागायचा. एकदा माझं पोट बिघडलं तेव्हा काका दारात उभे राहून खिशाकडे हात नेत होते. मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी काकूंच्या हाती ओव्याचं पाणी आलं आणि निरोप आला, "बाईंना सांग, आवाज बाहेरूनच कळला."

पण या माणसाचा सगळा जीव होता तो अंगणातल्या गाडीत. पांढरी, छोटी, चार दारांची, बावीस-तेवीस वर्षांची. पांढरी म्हणायचं ते कागदपत्रांवर तसं लिहिलंय म्हणून. खारी हवा तिला खालून खात होती आणि काका तिला वरून पुसत होते. चालायला लागली की ती सगळ्या अंगाने बोलायची, आणि काकांनी प्रत्येक खडखडाटाला नाव दिलं होतं. पुढच्या फळीत वाजायचा तो ताशा, मागच्या काचेशी वाजायची ती वाटी, आणि ड्रायव्हरच्या सीटखाली कण्हायची ती आत्याबाई. या सगळ्या मंडळींतून वाट काढत पुढच्या दोन दारांमधल्या दोन स्पीकरमधून गाणं यायचं. म्हणजे, कोणीतरी गात असावं इतपत कळायचं.

काकांची एकुलती एक मुलगी न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामात होती आणि उरणला राहायची. तिशी ओलांडलेली, चटपटीत, फोन कानाला लावूनच गाडीतून उतरणारी. काका तिला बाय म्हणायचे. मार्च महिन्यात ती आली तेव्हा अंगणात उभ्या उभ्याच तिने विषय काढला.

"बाबा, ही गाडी भंगारात जाणार. मी माणूस ठरवलाय."

"कोणाची गाडी?"

"बाबा, तुम्हाला मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही. परवा वडखळला काय झालं ते चुलतवहिनीने सांगितलं मला. तुमच्यामागे सात गाड्या बोंबलत होत्या आणि तुम्ही गाणं म्हणत होतात."

"गाणं म्हणत नव्हतो. गाणं ऐकत होतो."

"यात?" बाय जोरात हसली. "यात गाणं ऐकू येतं तुम्हाला? मला एक गाणं, फक्त एक, अख्खं ऐकवा यात. शब्द कळले पाहिजेत आणि ढोलकी पण कळली पाहिजे. चालत्या गाडीत. ऐकवलंत तर मी पुन्हा भंगारवाल्याचं नाव काढणार नाही."

ती हे चेष्टेने म्हणाली होती. पण काकांनी काकूंना आणि मला साक्षीदार म्हणून बोलावलं, आणि तिच्याकडून तुळशीसमोर वदवून घेतलं. मुदत गौरीपर्यंत. गाणं तिच्याच पसंतीचं, तिच्या लहानपणीच्या कोळीगीतांच्या कॅसेटमधलं, दुसऱ्या बाजूचं तिसरं. रस्ता रेवदंड्याच्या पुलापासून घरापर्यंत. हरले तर गाडी दुसऱ्या दिवशी भंगारात, एक शब्द न बोलता.

बाय गेल्यावर काका माझ्याकडे वळले. "बाई, मला कान लागतील."

अशा रीतीने एका बहिऱ्या माणसाने एका बेसूर बाईला हाताशी धरून गाडीचा आवाज सुधारायला घेतला.

शाळा सुटून मी घरी आले की फाटकाशी गाडी चालू करून काका उभे. नागाव ते रेवदंडा, रेवदंडा ते नागाव. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "छान."

त्यांनी गाडी कडेला घेतली. चौलच्या अलीकडे, नेमकी एका गोठ्यासमोर. "छान हा आवाज नव्हे, शिष्टाचार आहे. मला शिष्टाचार नको. काय ऐकलंत ते सांगा."

मला संगीतातलं ओ का ठो कळत नाही. शेवटी वैतागून मी मला कळतं त्या भाषेत सांगितलं. "फोडणीत मोहरी जास्त पडलीय आणि डाळ पार पातळ आहे."

काका एवढे खूश झाले की त्यांनी गोठ्यातल्या म्हशीकडेही हसून पाहिलं. मोहरी म्हणजे वरचा चिरका आवाज. तो त्यांना ऐकूच येत नसल्यामुळे त्यांनी त्याचं बटण वर्षानुवर्षं शेवटपर्यंत पिळून ठेवलं होतं, आणि शेजारी बसणाऱ्याच्या दाढा दुखायच्या. पातळ डाळ म्हणजे खर्ज, ढोलकीचा तो खालचा घुमारा. तो नव्हताच. काकांनी वही काढून लिहिलं, 'बाई म्हणतात, मोहरी जास्त. डाळ पातळ.' पुढे त्या वहीत शब्द वाढत गेले. 'आज गायिका वाटीखाली झाकलेली.' 'आज गायिका बाहेर, पण शेजारच्या घरात.' ती वही काकूंनी एकदा चाळली आणि दोघांकडे आळीपाळीने पाहून ठेवून दिली.

मोहरी बटण फिरवून कमी झाली. डाळ दाट होईना. काकांचं म्हणणं असं की गाडीचं दार म्हणजे पत्र्याचा पोकळ डबा. स्पीकर पुढे जेवढा बोलतो तेवढाच पाठीमागेही बोलतो, आणि मागचा आवाज भोकांतून बाहेर येऊन पुढच्याला खाऊन टाकतो. म्हणून पत्रा जड करायचा आणि भोकं बुजवायची. हे अगदी शास्त्रशुद्ध आहे, मी नंतर मोबाईलवर पाहिलं. पण शास्त्राला लागणारं सामान बाजारातून आणतील तर ते काका कसले.

घरात नारळाच्या सोडणांचा ढीग होता. काथ्या कुटून त्याच्या गाद्या दारांत भरल्या. सुपारीच्या झावळीच्या बुडाशी ती जाड, चामड्यासारखी विरी असते, ती भिजवून वाकवून स्पीकरच्या पाठीला टोपीसारखी बसवली. काकूंची एक गोधडी नाहीशी झाली आणि सीटखालच्या आत्याबाईंचं कण्हणं थांबलं. लोणच्याच्या बरणीचं बूच गेलं आणि मागची वाटी गप्प झाली. आणि एका रविवारी भात काही केल्या शिजेना.

"बाई," काकू कुकर घेऊन माझ्या दारात आल्या, "तुमचे काका कुठे आहेत?"

कुकरची रबरी रिंग कापून काकांनी स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये बसवली होती. "तिकडे तर ती वाफ अडवते," ते अगदी शांतपणे म्हणाले, "इथे आवाज अडवते. काम तेच आहे तिचं." काकूंनी त्या दिवशी त्यांना कच्चा भात वाढला. काकांनी तो खाल्ला आणि म्हणाले, "दाणा मोकळा झालाय."

एवढं करूनही भोकं राहिली होती. दाराच्या आतल्या पत्र्याला जिथे तिथे भोकं असतात, आणि काकांच्या लेखी प्रत्येक भोक ही आवाजाची चोरवाट होती. ती कशाने बुजवायची यावर ते आठवडाभर विचार करत होते. मग एका सकाळी मला म्हणाले, "भोक बुजवण्यात जगात सर्वांत हुशार कोण?"

"कोण?"

"ज्याचं भोक राहिलं तर तो बुडतो, तो."

जून लागला होता. मासेमारी बंद झाली होती आणि थळच्या किनाऱ्यावर सगळ्या होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. आम्ही गाडी घेऊन तिथे गेलो. काकांचा जुना दोस्त, एक नाखवा, आपल्या होडीच्या फळ्यांमधल्या फटींत तेलात भिजवलेला कापूस छिन्नीने ठासत होता. वरून राळेचा लेप द्यायचा, की चार महिने पाण्याची बिशाद नाही आत यायची. काकांनी गाडी सरळ वाळूत नेऊन त्या होड्यांच्या रांगेत उभी केली. दोन होड्यांच्या मधोमध, तोंड समुद्राकडे. नाखव्याने छिन्नी खाली ठेवली.

"म्हाताऱ्या, ही गारी हाय का होरी?"

"तुला काय करायचंय? दारं बघ. जेवढी भोकं दिसतील तेवढी बुजव."

"तिला पान्यात घालतंस?"

"आवाजासाठी रे. आवाज गळतोय."

नाखव्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवून समुद्राकडे पाहिलं. पण कामाला नाही म्हणणारा तो नव्हता. दारांची अस्तरं काढली आणि दुपारपर्यंत त्याने एकेक भोक कापूस ठासून, राळ चोपडून असं बंद केलं, की गाडीलाच गुदमरल्यासारखं झालं असेल. उठताना हात पुसत म्हणाला, "माझा काम पक्का. आत पानी येनार न्हाय. पन चुकून आलाच, तर जानार बी न्हाय. सांगून ठेवतो."

"दारात पाणी कशाला येईल?"

"आला तर जितारा पाल," नाखवा म्हणाला. जिताडा हा इकडचा लाडका मासा, लोक तो तळ्यात पाळतात. किनाऱ्यावरची सगळी मंडळी खो खो हसली आणि काकाही हसले. मीही हसले. आम्हा दोघांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं, की गाडीच्या दाराच्या तळाशी दोन बारीक भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. काचेवरून दारात उतरलेलं पावसाचं पाणी त्यातून वाहून जातं. नाखव्याने ती सगळ्यांत मन लावून बुजवली होती.

मग पाऊस लागला. अर्धा श्रावण सरेपर्यंत गाडी बाहेर काढता आली नाही. उघडीप मिळाल्यावर पहिल्या फेरीला निघालो, आणि चौलच्या वळणावर काकांनी स्टिअरिंग सोडून टाळी वाजवली.

"बाई! खर्ज आला!"

खरंच काहीतरी आलं होतं. माझ्या मांडीजवळ, दाराच्या आत, खोल, घुमणारं. वळण घेतलं की गडगड, ब्रेक मारला की धडाम. काकांना वरचं काही ऐकू येत नसलं तरी खालचं लख्ख ऐकू यायचं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की बोलायचं माझ्या जिवावर आलं. पण गाणं संपलं तरी खर्ज चालूच होता.

"काका," मी म्हटलं, "हे पाणी आहे."

"पाणी असं वाजत नाही."

"काका, माझ्या कमरेशी समुद्र आहे."

त्यांनी गाडी थांबवून स्क्रू-ड्रायव्हर दाराला लावला, मूठ कानामागे टेकवली, आणि बराच वेळ ऐकलं. मग गंभीरपणे म्हणाले, "थोडा ओलावा असेल. उन्हाने जाईल." श्रावणात कुठलं ऊन? पण राळ फोडायला ते तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, एक भोक उघडलं तर सगळी मेहनत गेली. गौर दहा दिवसांवर आली होती.

मला आता झोप लागेना. ती गाडी माझी कोणी नव्हती, पण महिनोन् महिने मी तिच्यात बसून मोहरी आणि डाळ करत होते, आणि तो म्हातारा हरला तर अंगणात काय उरेल हे मला दिसत होतं. मी मोबाईलवर शोधलं. एका माणसाने सांगितलं होतं, खर्ज अजिबात नसेल तर आधी एक साधी गोष्ट पाहा. दोनपैकी एक स्पीकर उलटा जोडलेला असू शकतो. मग एकाचा पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढतो, आणि दोघं मिळून खालचा आवाज मारून टाकतात. पेन्सिल सेल तारांना टेकवून पाहा. पडदा बाहेर उडी मारतो की आत, तेवढं बघायचं.

काका दुपारचे आडवे झाले असताना मी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला आणि गाडीत शिरले. टेप त्यांनी कायम अर्धवट बाहेर ओढून ठेवलेला असायचा, तारा हातालाच लागत. उजवा स्पीकर, पडदा बाहेर. डावा स्पीकर, पडदा आत.

मी इतकी नाचले की गाडी हलली. डाव्या दाराकडे जाणाऱ्या तारांवर एक जाडजूड, ओबडधोबड जोड होता, डाखाचा, म्हणजे सोल्डरिंगचा, मोठा गोळा, आणि त्यावर कसलासा गुलाबी थेंब. तिथेच तारा उलटसुलट झाल्या होत्या. एवढंच! काथ्या नको, कुकर नको, नाखवा नको. दोन तारांची अदलाबदल. मी काकांना उठवलं. धापा टाकत सगळं सांगितलं.

काका उशीवरून म्हणाले, "ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"डावा उलटा आहे ते."

"कधीपासून?"

"लावला त्या दिवसापासून."

माझा संताप झाला. मी मोठ्या माणसांशी वरच्या आवाजात बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले, आणि अर्थातच त्यांना त्यातलं निम्मंच ऐकू गेलं. मग हा सगळा खटाटोप कशाला? कच्चा भात कशाला? माझ्या संध्याकाळी कशाला?

काका उठून बसले. "तो जोड बायने केलाय. बारा वर्षांची होती. उजवा मी लावला, डावा तिने. हातात डाखाची इस्त्री घेऊन, जीभ बाहेर काढून. चिकटपट्टी नव्हती घरात, तर आईची नखांची लाली आणून लावली वरून, तार उघडी राहू नये म्हणून. कोणी शिकवलं नव्हतं तिला. वाजल्यावर अंगणभर नाचली. मला पहिल्या ठेक्यालाच कळलं, खर्ज गेला. म्हटलं, एक नंबर झालंय. बाई, बाकी काय वाटेल ते करू. त्या जोडाला हात लावायचा नाही."

मी सेल परत घड्याळात घातला. घड्याळ वीस मिनिटं मागे पडलं होतं. ते तसंच राहू दिलं.

गौरी यायच्या दिवशी सकाळी बाय आली. काकूंनी तिच्यासाठी घेतलेला नवा जांभळा ड्रेस घालून ती बाहेर पडली, पैज आठवतही नसल्यासारखी. काका मात्र इस्त्रीचा सदरा घालून गाडीजवळ उभे होते, स्क्रू-ड्रायव्हरसकट. बाय म्हणाली, "बरं बाबा, पण चालवणार मी नाही. तुम्हीच चालवा, मला नीट ऐकायचंय." ती पुढे डावीकडे बसली. मी मागे. रेवदंड्याच्या पुलापर्यंत टेप बंदच होता. पुलावरून गाडी वळवली तेव्हा आमच्या खाली एक लांबलचक गडगडाट झाला.

"हे काय होतं?" बायने विचारलं.

"रस्ता," काका म्हणाले आणि गाणं लावलं.

पहिलं कडवं बरं गेलं. मोहरी बेताची, गायिका वाटीबाहेर, शब्द अगदी लख्ख. ढोलकीची नुसती टिचकी ऐकू येत होती, पण बाय मान डोलवत होती आणि मी मागे पुढच्या सीटची पाठ धरून बसले होते. दुसरं कडवं. चौल आलं. काका त्या आनंदात समोरच्या गतिरोधकाकडे बघायचंच विसरले.

गाडी उडाली आणि आपटली. डाव्या दारात श्रावणभर साठलेलं पाणी उसळलं, गायिकेने एक मोठी गुळणी केली, आणि स्पीकरच्या जाळीतून हातभर लांब पिचकारी बायच्या नव्या जांभळ्या ड्रेसवर आली. त्यापाठोपाठ काथ्याचा एक ओला बोळा. बाय किंचाळली. ती किंकाळी काकांना ऐकू आली नाही, ते गाणं ऐकत होते. मी मागून त्यांच्या खांद्यावर थापटलं तेव्हा गाडी थांबली. त्याच गोठ्यासमोर.

"बाबा! दारात काय आहे?"

काका हळूच म्हणाले, "खर्ज."

बायने हात पुढे केला. काकांनी निमूटपणे खिशातला स्क्रू-ड्रायव्हर दिला. तिने दार उघडलं, खाली वाकली, तळाशी राळ चाचपली, आणि एका घावात टोक आरपार घातलं. धार लागली. ती थांबेचना. म्हशी बघत होत्या, गोठेवाला बघत होता, आणि आम्ही तिघं त्या दाराभोवती उभे राहून एका गाडीच्या दारातून पाण्याचा ओहोळ वाहताना बघत होतो. बायने अस्तर खेचून काढलं तेव्हा आतून एक नखाएवढा बेडूक बाहेर पडला, त्याने आमच्याकडे पाहिलं, आणि तो गवतात निघून गेला.

मी आधी फुटले. मग बाय. ती इतकी हसली की रस्त्यावरच बसली. "जिताडा नाही का ठेवलात बाबा?" काका ओशाळून उभे होते. त्यांच्या लेखी सगळं संपलं होतं. "उद्या सांग तुझ्या माणसाला यायला," ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द."

बाय हसत हसत दारातल्या तारा पुढे कुठे जातात ते बघत गाडीत वाकली, टेपखाली हात घातला, आणि तिचं हसणं थांबलं.

तारांच्या जोडावर गुलाबी थेंब होता.

"हा मी केलेला," ती म्हणाली. तिने तो जोड बोटांत धरून उलटसुलट पाहिला. तारांचे रंग अदलाबदल झालेले दिसायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. "आणि मी उलटा केलाय! बाबा, हा उलटा आहे! म्हणजे इतकी वर्षं ढोलकी..." तिने वर पाहिलं. "तुम्हाला कळलं नाही? तुम्हाला?"

काका म्हशींकडे बघू लागले. मग मी बोलले, मला राहवलं नाही. "पहिल्या दिवशीच कळलं होतं त्यांना."

"मग बदललं का नाही?"

"तू एवढी नाचली होतीस," काका म्हणाले. "आणि अडत कुठे होतं? वरचं मला ऐकू येत नाही, खालचं तुझ्या जोडात गेलं. मधलं होतं की. पुरत होतं."

बायने अंगठा एकदा त्या गुलाबी थेंबावरून फिरवला. मग नाक पुसून तिने तार दातांत धरली. काका धावले, "अगो, कापू नकोस!"

"मी केला ना? मग मीच सुधारते."

तिने जोड दातांनी तोडला, तारा सोलल्या, अदलाबदल करून पिळल्या. गुलाबी थेंब असलेला डाखाचा गोळा गाडीत पडला, तो काकांनी वाकून उचलला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. बायने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मला संगीतातलं काही कळत नाही हे मी आधीच सांगितलंय. पण ढोलकीचा पहिला ठेका पडला आणि तो माझ्या पाठीत, सीटमध्ये, पायांखालच्या पत्र्यात वाजला. डावा स्पीकर ओला होता, तरी वाजला. गोठ्यातल्या म्हशींनी एकदम माना वर केल्या. काकांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते आणि त्यांचा चेहरा मी मागून पाहू शकत नव्हते, फक्त कान लाल झालेले दिसत होते. चौल गेलं, आक्षीकडे जाणारा फाटा दिसला, घराचं फाटक आलं. गाणं संपलं.

"कळले का शब्द?" काकांनी विचारलं.

बायचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. "माझं लक्षच नव्हतं हो. परत लावा."

ती फेरी आम्ही चार वेळा मारली. गौर यायची वेळ टळून गेली म्हणून काकू फाटकात हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि बायचा चिखलाने माखलेला ड्रेस बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

बायने शब्द पाळला. भंगारवाल्याचं नाव पुन्हा काढलं नाही. ती गाडीच उरणला घेऊन गेली. खालचा पत्रा बदलून घेतला, दाराच्या तळाची भोकं मोकळी केली, काथ्या तेवढा नवा भरला. "तुम्ही चालवायची नाही, पण बसायचं तुम्हीच," असं तिने काकांना बजावलं. दर शनिवारी ती गाडी घेऊन यायची आणि काकांना शेजारी बसवून रेवदंड्याला न्यायची. मागच्या ट्रकांचे हॉर्न ती ऐकायची, ढोलकी दोघं ऐकायचे. मोहरी-डाळ सांगायला मला कोणी बोलावत नसे, याचं मला थोडं वाईट वाटलं, ते मी काकूंना सांगितलंही.

पुढे माझी बदली झाली, पण त्या घरातला शनिवार अजून डोळ्यांसमोर आहे. ओट्यावर काकू सोलाणे सोलत, मी वह्या तपासत, काका झोपाळ्यावर, हात खिशातल्या त्या गुलाबी गोळ्याशी चाळा करत. कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन जात, त्यांना पत्ता नसे. काकू दोनदा चहा विचारत, उत्तर नसे. आणि मध्येच काका झोपाळा पायाने थांबवत, मान किंचित कलती करत आणि म्हणत, "आली."

आम्हाला दोघींना काही म्हणजे काही ऐकू आलेलं नसे. मी मुद्दाम कान देऊन बसत असे. बराच वेळ नुसता वारा आणि पोफळीची सळसळ. मग लांब, आक्षीच्या वळणाकडून ढोलकीचा पहिला ठेका यायचा, आणि तोवर काका फाटकाची कडी काढून उभे असायचे.